सातव्या आज्जींनी दिलेली मुदत

माणसाने मंडपाच्या धंद्यात पडू नये, आणि पडलाच तर बायकोच्या मंडपाच्या धंद्यात तर मुळीच पडू नये, असं खिएमरावांचं ठाम मत आहे. हे मत ते कुणाला सांगत नाहीत. एक तर सांगायला वेळ मिळत नाही, आणि दुसरं म्हणजे सुओंगबाई ऐकतील.

एकतीस वर्षं पोस्टात काढून खिएमराव निवृत्त झाले, तेव्हा त्यांना वाटलं होतं, बायकोच्या धंद्याला आता जरा शिस्त लावावी. मांडव, खुर्च्या, टेबलं, कमानी, चहाची भांडी, सगळं भाड्याने देणाऱ्या सुओंगबाईंकडे वही नावाची वस्तूच नव्हती. कुणाकडे किती खुर्च्या गेल्या, कुणी सुरई फोडली, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं म्हणून कमान परत आली, सगळं त्यांच्या डोक्यात. खिएमरावांनी पहिल्याच महिन्यात दोनशे चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने एक ते दोनशे चाळीस आकडे घातले. त्यानंतर लग्नात लोक आपापल्या लकी नंबरच्या खुर्च्यांवरून भांडायला लागले. बाई काही बोलल्या नाहीत. नुसतं बघितलं. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं, असं खिएमरावांना वाटलं.

तर त्या दिवशी पहाटे पाचला फोन वाजला. पलीकडे तोआनच्या आत्याबाई होत्या.

"सुओंग, अगं इस्पितळातून सातव्या आज्जींना घरी पाठवलंय."

घरी पाठवलंय म्हणजे काय, हे आमच्या कालव्यावर शेंबड्या पोरालाही कळतं. बरं झालेल्या माणसाला सोडतात. पाठवतात ते दुसऱ्या कारणासाठी.

"डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस. फार तर रात्र. लग्न आजच लावायचंय गं बाई. होईल ना?"

लग्न होतं वीस दिवसांनी. नवरा मुलगा तोआन, आज्जींचा थोरला नातू. त्याचे वडील गेलेले, त्यामुळे आज्जी गेल्या की मुलाच्या जागी दुखवटा पाळायचा तो त्यानेच, आणि तो पुरता तीन वर्षं. दुखवट्यात लग्न नाही. आता यात नवीन काही नाही, आमच्याकडे म्हातारं माणूस जायला टेकलं की घरचे लोक लग्न उरकून घेतात. पण तोआनची वडिलांसाठी तीन वर्षं एकदा पाळून झाली होती. आणि ती तीन वर्षं त्याच्याबरोबर जी मुलगी थांबली ती लान, सुओंगबाईंकडे आठ वर्षं मांडवाच्या झालरी शिवणारी. चौतिसावं लागलं होतं तिला. आणखी तीन म्हणजे सदतीस. लानच्या आईने मागच्याच महिन्यात स्पष्ट सांगितलं होतं की पुन्हा काही आडवं आलं तर मी मुलीला शहरात मावशीकडे पाठवते आणि मिळेल तो बघते.

"होईल," सुओंगबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"कसं होईल?" खिएमराव वही उघडून म्हणाले. "साठ खुर्च्या धाकट्या मामांकडे आहेत, श्राद्धाच्या जेवणाला. गुलाबी कापड काल संध्याकाळी धुतलंय, ओलं आहे. गल्ली अडवायची परवानगी नाही. आणि—"

"आणि तुम्ही अजून लुंगीवर आहात," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात लान आली. रोजच्यासारखी सायकल भिंतीला लावली, आत आली. बातमी तिला रस्त्यातच कळली होती. ती सरळ मशीनवर बसली आणि खडखडखड शिवायला लागली.

"काय शिवतेयस गं?" सुओंगबाईंनी विचारलं.

"माहीत नाही, ताई."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ. घरी जा. न्हा, केस वाळव, आणि तीन घास खाऊन घे. आज तुझं लग्न आहे."

"आणि आज्जी त्याआधीच..."

"त्यांच्याशी मी बोलते," सुओंगबाई म्हणाल्या. जसं काही कुणी आज्जींना सांगायचंच राहिलं होतं.

सातव्या आज्जी म्हणजे काय चीज, हे न बघितलेल्याला सांगून कळायचं नाही. आई-बापाच्या घरच्या क्रमाने त्या सातव्या. पण गल्लीत, कालव्यावर आणि बाजारात त्यांच्या आधीचा नंबर कुणाचा लागला नाही. चाळीस वर्षं तरंगत्या बाजारात होडीवरून अननस विकले. वय एक्याण्णव. मागच्या खोलीत लाकडी पलंगावर त्या पडल्या होत्या, एवढ्याशा झालेल्या, आणि भोवती लेकीसुना डोळे पुसत उभ्या. खिएमराव मागे टेप घेऊन उभे राहिले. मांडवाचं माप घ्यायला म्हणून आले होते, पण या खोलीत टेप हातात बरा दिसत नाही हे लक्षात येऊन त्यांनी तो खिशात घातला. तो खिशातून किर्र करत परत बाहेर आला.

"कोण? मंडपवाली का?" आज्जींनी डोळे न उघडता विचारलं.

"हो, आज्जी. सुओंग."

"किती वाजता होतंय?"

"चारला."

"चार! चारपर्यंत काय मी इथे सुकट राखत बसू? बाराला कर."

"बाराला कमान उभी राहायची नाही, आज्जी."

"मग नको कमान."

"कमानीशिवाय मी लग्नाचा मांडव घालत नाही. नावाला बट्टा लागतो."

"मी मरतेय, आणि हिला नावाचं पडलंय!"

"साडेतीन," सुओंगबाई म्हणाल्या.

"दोन."

"तीन. तीनच्या खाली मला नाही परवडत, आज्जी. देवाशपथ."

आज्जी गप्प झाल्या. आत्याबाई घाबरून वाकल्या, नाकाशी बोट धरलं. एका सुनेने हुंदका दिला. मग तशीच, डोळे मिटलेली म्हातारी म्हणाली, "तीन. पण तीन म्हणजे तीन. सव्वातीन झाले तर मी चालले."

खिएमरावांनी एकतीस वर्षांत स्पीड पोस्टच्याही वेळा ठरताना पाहिल्या होत्या, पण हे असं कधी पाहिलं नव्हतं. बाहेर आल्यावर ते दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, अशी घासाघीस करतात का? तीही या वेळेला?"

"जन्मभर त्यांनी दुसरं केलंय काय?" बाई म्हणाल्या. "सौदा झालाय. आता त्या थांबतात. तुम्ही खुर्च्या आणा."

धाकटे मामा कालव्याच्या पलीकडे राहतात. त्यांच्या वडिलांचं श्राद्ध आदल्या दिवशी दुपारी होतं. आमच्याकडे श्राद्धाचं जेवण कधी सुरू होतं ते सांगता येतं, कधी संपतं ते नाही. खिएमराव होडी घेऊन सहाला पोचले तेव्हा सेहेचाळीस खुर्च्या भिंतीशी चळत लावून तयार होत्या, आणि चौदांवर माणसं होती. काही झोपलेली, काही उठून पुन्हा सुरुवात केलेली. मध्ये बदकाची हाडं, तांदळाच्या दारूची कळशी, आणि सगळ्यांत फिरणारा एकच पेला.

"या, या, पोस्टमास्तर!"

"बसायला नाही आलो. खुर्च्या न्यायला आलोय. सातव्या आज्जींच्या घरी..."

"आज्जींच्या घरी?" धाकटे मामा गहिवरले. "तर मग न्या! आत्ता न्या! पण मास्तर, आमच्या वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी माणसाच्या बुडाखालची खुर्ची कोरड्या घशाने न्यायची? ते काय म्हणतील वरती?"

खिएमरावांनी खूप समजावलं. नियम सांगितला, वेळ सांगितली, भाडेपावतीमागची चौथी अट वाचून दाखवली. शेवटी तडजोड अशी ठरली की एका खुर्चीला एक पेला, आणि तो अर्धा. पहिल्या तीन खुर्च्या बऱ्या गेल्या. सातव्या खुर्चीला खिएमरावांनी स्वतःहून पोस्टातल्या आठवणी काढल्या. अकराव्या खुर्चीवरचा माणूस झोपेतच उचलून बाजूला ठेवला, तरी त्याच्या नावाचा पेला काही सुटला नाही. चौदावी खुर्ची धाकट्या मामांची. ते उठले, खिएमरावांच्या गळ्यात पडून रडले आणि म्हणाले की संध्याकाळी आम्ही सगळे येतो, लग्न असो नाहीतर दुसरं काही.

साठ खुर्च्या होडीत घालून खिएमराव ताठ उभे राहून निघाले. बसलं तर उठता येईल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

आठला कचेरी उघडली, तेव्हा ते दारात पहिले होते. खिडकीतला साहेब तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, समोर नियमांची फाईल.

"गल्लीत मांडव? लग्नाचा? तीन दिवस आधी अर्ज लागतो."

"आणि दुखवट्याचा?"

"त्याला आधी अर्ज नाही. त्याच दिवशी देतो."

"मग तो द्या."

"कोण वारलं?"

"अजून कुणी नाही."

साहेबाने चष्मा काढला. "काका, कुणी वारल्याशिवाय दुखवट्याची परवानगी कशी देऊ?"

"तर मग लग्नाची द्या."

"त्याला तीन दिवस!"

"तीन दिवसांनी दुखवटा असेल!"

साहेबाने खिडकीतून पुढे वाकून नाक फुगवलं. मग हळूच म्हणाला, "काका, हा वास कसला येतोय?"

"चौदा खुर्च्यांचा," खिएमराव दुखावलेल्या आवाजात म्हणाले.

आता एक सांगायला हवं. खिएमराव बाकी कशातही कच्चे असतील, पण खिडकीच्या त्या बाजूला त्यांचं आयुष्य गेलं होतं. कुठल्या रकान्यात काय मावतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि 'कारण' या रकान्यात, जराही हात न थरथरवता, सुवाच्य अक्षरात लिहिलं: घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या प्रकृतिमानानुसार करावयाचे कौटुंबिक कार्य.

साहेबाने दोनदा वाचलं. "हे आनंदाचं आहे की दुःखाचं?"

"दोन्हीचं. मांडव एकच आहे."

"आणि दिवस?"

"आजपासून चार."

साहेबाने दाराकडे पाहिलं, फाईलकडे पाहिलं आणि धाडकन शिक्का मारला. "माझ्या बहिणीचं असंच राहिलं होतं," तो म्हणाला. "शेवटी झालंच नाही. जा काका. कर्णा दहानंतर बंद ठेवा."

खिएमरावांनी कागद उजेडात धरला. "शिक्का जरा तिरका बसलाय."

"काका, जा!"

परत येताना त्यांना कालव्याच्या वळणावर जे दिसलं ते चौदा पेल्यांमुळे दिसतंय की खरंच, हे आधी कळेना. समोरून एक होडी सुसाट येत होती, आणि तिच्या वर, मागे, दोन्ही बाजूंना गुलाबी कापडच कापड फडफडत होतं. मध्ये सुकाणू धरून सुओंगबाई उभ्या. ओलं कापड वाळवायला ऊन पुरेना, म्हणून त्यांनी चार बांबू उभे केले, त्यांना सगळं कापड बांधलं आणि इंजिन पूर्ण सोडून कालव्यात फेऱ्या सुरू केल्या. काठावरची पोरं ओरडत होती, बायका धुणं टाकून बघत होत्या. तिसऱ्या फेरीला कापड कडकडीत वाळलं. खिएमराव होडीत तोंड उघडं टाकून उभे राहिले. चाळीस वर्षं संसार केला त्या बाईशी, आणि अजून ती काय करील याचा पत्ता लागत नाही, हे त्या क्षणी त्यांना इतकं आवडलं की त्यांनी खुर्च्यांवर उभं राहून दोन्ही हातांनी सलाम केला. होडी कलंडली. खुर्च्या वाचल्या, खिएमराव पडले. त्यामुळे उतरली मात्र बरीचशी.

दहाला मांडवाचे पाईप उभे राहिले आणि आठवे काका सल्ला द्यायला आले.

आठवे काका शेजारी राहतात. त्यांना सगळ्यातलं कळतं. ते कधी कशाला हात लावत नाहीत, पण हात मागे बांधून उभे राहिले की कामकऱ्याच्या हातातून हातोडी गळून पडते. "मांडवाचं तोंड पाण्याकडे नको, भरभराट वाहून जाते," ते म्हणाले. तोंड फिरवलं. "आता सूर्य नवरीच्या डोळ्यात जाईल." परत फिरवलं. "झालर फार खाली आली." वर घेतली. "आता उघडं दिसतं." शेवटी सुओंगबाईंनी त्यांना दोरीचं एक टोक दिलं आणि सांगितलं, "काका, हे फक्त तुम्हालाच धरता येईल. सोडलंत की सगळा मांडव खाली येईल." काका ती दोरी धरून तासभर उभे होते. तिचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं.

पण तोपर्यंत त्यांनी एक काम करून ठेवलं होतं. सकाळीच, परोपकाराच्या भरात, त्यांनी शवपेटीवाल्याला निरोप धाडला होता. दीडला, कमानीला नारळाची पानं गुंफून होत असताना, सागवानी रंगाची नक्षीदार पेटी घेऊन एक होडी थेट घाटाला लागली.

"सातव्या आज्जींचं घर हेच ना?" होडीवाल्याने खणखणीत आवाजात विचारलं.

सगळी गल्ली दगड झाली. मागच्या खोलीच्या खिडकीतून आज्जींचा आवाज आला, "कोण आहे रे?"

"बर्फवाला!" सुओंगबाईंनी ओरडून सांगितलं. मग होडीवाल्याचा कान धरल्यासारखं करून त्याला काठच्या पाण्यात वाढलेल्या पाणमाडांच्या झाडीआड नेलं, उरलेल्या गुलाबी कापडाने अख्खी होडी झाकली, वर दोन फुलांचे गुच्छ खोवले आणि त्याच्या हातात बदकाच्या मांसाची वाटी ठेवली. "संध्याकाळपर्यंत हलायचं नाही. आणि तू बर्फवाला आहेस."

अडीचला मांडव तयार झाला. गुलाबी झालर, हिरवी कमान, बारा गोल टेबलं, एकशेवीस खुर्च्या. अर्ध्या दिवसात! लोक चार दिवस घेतात. खिएमरावांनी सगळ्या मांडवातून एक चक्कर मारली आणि कुठे काही काढायला जागा सापडली नाही. त्यांचा ऊर भरून आला. मांडवातला एकही खिळा त्यांनी ठोकला नव्हता, पण खुर्च्या त्यांच्या होत्या आणि शिक्काही त्यांचाच होता.

पावणेतीनला तोआनचा मित्र धावत आला. "नवरीची होडी गाळात बसली!"

झालं होतं असं की वीस दिवसांनंतरचा मुहूर्त भरतीची वेळ बघून काढलेला होता. आजचा मुहूर्त आज्जींनी काढला होता, आणि आज्जींनी भरतीला विचारलं नव्हतं. तीनला कालव्यात ओहोटी. वरात घेऊन आलेली लानची होडी घाटापासून चाळीस हातांवर चिखलात रुतली होती, आणि मधे नुसता काळा, गुडघ्याच्या वर जाणारा गाळ. लाल रेशमी पोशाख घातलेली लान होडीच्या टोकाशी उभी होती. रडत नव्हती. घराच्या मागच्या खिडकीकडे बघत होती, एकटक. तोआन पँट गुडघ्यापर्यंत सारून गाळात उतरायला निघाला होता, आणि आत्याबाईंनी त्याला मागून कंबरपट्ट्याला धरून ठेवलं होतं, कारण चिखलाने माखलेला नवरा पूर्वजांसमोर कसा उभा करायचा?

"अहो!" सुओंगबाई म्हणाल्या. "आत जा. अर्धा तास मागून घ्या."

"मी? आज्जींकडून?"

"मी इथून हलले तर हे होणार नाही. जा!"

खिएमराव गेले. सकाळपासून ओले झालेले, वाळलेले, चुरगळलेले, डोकं ठणकत असलेले खिएमराव पलंगाशी हात जोडून उभे राहिले. आज्जींचा श्वास आता लांबून लांबून येत होता. भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होते.

"आज्जी... जरा... अर्धा तास..."

आज्जींनी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण डोळे उघडले आणि त्यांना न्याहाळलं.

"तू पोस्टातला ना?"

"हो, आज्जी."

"माझ्या मुलाची मनीऑर्डर नऊ दिवस उशिरा दिलीस. पुराच्या वर्षी. तेव्हापण असाच उभा होतास. असंच तोंड करून."

खिएमरावांना काहीही आठवत नव्हतं, पण ते म्हणाले, "चुकलं, आज्जी." आणि त्यांना खरोखरच वाटलं की चुकलं.

"मुलगी कुठाय?"

"होडीत आहे. पाणी उतरलंय. चाळीस हातांवर उभी आहे."

म्हातारीने मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाली, "माझा मुलगा गेला तेव्हा सगळे म्हणत होते, शंभर दिवस पाळा आणि पोरांचं लावून टाका. मीच नाही म्हटलं. पुरती तीन वर्षं, म्हटलं. दुःखात मला कुणाचं लग्न बघवेना." तिने श्वास घेतला. "तीन वर्षं थांबवलं मी तिला. अर्धा तास थांबते. जा, सांग तिला. हळू ये म्हणावं, पडशील."

खिएमराव बाहेर धावले. साठी उलटल्यावर माणसाने इतकं धावू नये. बाहेर येऊन बघतात तर मांडवात एकही माणूस बसलेलं नव्हतं. सगळे पाहुणे उभे होते, आणि आपापली खुर्ची डोक्यावर घेऊन घाटाकडे चालले होते. घाटाच्या पायरीखाली सुओंगबाई पदर खोचल्यासारखा सदरा कमरेला बांधून गाळात कमरेपर्यंत उभ्या, आणि हातात येईल ती खुर्ची उलथी करून, पाय वर, बूड खाली, चिखलात दाबून बसवत होत्या. तिच्या पायांत पाय अडकवून वर दुसरी सरळ. एकावर एक, एकापुढे एक. पलीकडून तोआनचे मित्र तसंच करत येत होते. आठवे काकासुद्धा दोरी सोडून खुर्ची घेऊन आले होते, मांडव पडला नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. एकदाच म्हणाले, "जरा डावीकडे," आणि डावीकडे घेतल्यावर ते खरंच बरोबर निघालं. असं आयुष्यात एकदा घडतं.

"अहो, अर्धा तास दिलाय!" खिएमराव ओरडले. "आणि हळू यायला सांगितलंय!"

लान खाली उतरली. एका हाताने पोशाख उचललेला, दुसरा हात गाळातून बाजूने चालणाऱ्या सुओंगबाईंच्या डोक्यावर टेकलेला. खुर्च्यांच्या त्या रस्त्यावरून ती एकेक पाऊल टाकत आली. छत्तीस, एकशेदोन, सात, दोनशे अकरा. खिएमरावांच्या तोंडून नंबर आपोआप बाहेर पडत होते. मागून तिची आई, मावशी, सुपाऱ्यांची तबकं, भाजलेलं डुक्कर, सगळी वरात. लानच्या मावशीने पाणमाडांकडे बोट दाखवलं. "अगबाई, ती सजवलेली होडी कुणासाठी हो?"

"आज्जींसाठी," सुओंगबाई म्हणाल्या. खोटं त्या कधी बोलत नाहीत. बर्फवाल्याचं सोडा.

तीन वाजून वीस मिनिटांनी दोघांनी पूर्वजांच्या तसबिरींसमोर धूप लावला आणि मग मागच्या खोलीत जाऊन पलंगासमोर डोकं टेकलं. पाहुणे उभेच होते, कारण खुर्च्या चिखलात होत्या. आज्जींनी कानातल्या कुड्या काढायला सांगितल्या. लानच्या कानात घालताना आत्याबाईंना त्या लावता येईनात, तेव्हा आज्जी म्हणाल्या, "नीट घाल गं, मळसूत्र उलटं आहे." ते त्यांचं घरच्यांशी शेवटचं बोलणं. त्यानंतर त्यांनी सुओंगबाईंना बोलावून विचारलं, "पांढरं कापड धुतलेलं आहे ना?"

"धुतलेलं आहे, आज्जी. इस्त्री करून."

"बरं. पोरांना आधी जेवू दे."

खुर्च्या चिखलातून काढून धुतल्या, पोरं जेवली. पहिली पंगत झाली, दुसरी बसली, धाकटे मामा आपल्या तेरा माणसांसह आले, कुणीतरी गाणंही म्हटलं. साडेपाचला आत्याबाई बाहेर आल्या, सुओंगबाईंपाशी गेल्या आणि नुसता त्यांचा दंड धरला. बाईंनी मान हलवली. गाणं मधेच थांबलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

मग जे झालं ते खिएमराव अजून सांगतात. गुलाबी झालर उतरली, पांढरी चढली. पाहुणेच खुर्च्यांवर चढून आकड्या सोडवत होते. धाकट्या मामांची माणसं, पायांवर नीट उभीही राहत नव्हती, पण पाईप धरून ठेवत होती. हिरवी कमान गेली, पांढऱ्या फुलांची आली. 'बर्फवाला' आपली होडी घेऊन घाटाला लागला. कचेरीतला तो साहेब कामावरून सुटून आला होता, त्याने बाह्या सारल्या आणि टेबलं पुसायला घेतली. सुओंगबाई मधे उभ्या राहून नुसत्या हाताने दाखवत होत्या. तीस मिनिटांत तोच मांडव दुसरा झाला. असली बाई सरकारात असती तर, असं खिएमरावांना वाटलं, पण पुढचं त्यांना सुचलं नाही.

एवढ्यात लान बाहेर आली. लाल पोशाख बदलून साधे कपडे घातलेली, डोळे सुजलेले, हातात कात्री. सवयीने ती सरळ कोपऱ्यातल्या खांबाशी गेली आणि उरलेली गुलाबी झालर उसवायला लागली.

सुओंगबाईंनी तिच्या हातातून कात्री काढून घेतली. "तुझं काम नाही ते."

"पण ताई, ही बाजू राहिलीय..."

"राहू दे. आत जा. तुला बोलावतायत."

आत, पेटीसमोर, आत्याबाई हातात पांढऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. घरच्यांनी कपाळाला बांधायच्या. एकेकाला नात्याने हाक मारत त्या पट्ट्या देत होत्या. थोरला नातू, म्हणून तोआन पुढे झाला. मग आत्याबाईंनी गठ्ठ्यातून पुढची पट्टी काढली आणि म्हटलं, "थोरली नातसून."

लान हललीच नाही. तोआनच्या वडिलांच्या वेळी या घरातल्या सगळ्या पट्ट्या तिनेच फाडून, दुमडून दिल्या होत्या, आणि तिला द्यायला कुणाकडे एकही नव्हती, कारण ती कुणी नव्हती. पाहुण्यांसारखी ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. तेव्हा ती रडलीही नव्हती. परक्याने मोठ्याने रडायचं नसतं.

"थोरली नातसून," आत्याबाईंनी पुन्हा हाक मारली. "ये बाळ."

लान पुढे गेली, पट्टी कपाळाला बांधून घेतली, आणि पेटीवर डोकं ठेवून मोठमोठ्याने, गळा काढून रडायला लागली. आज्जींसाठी तेवढं त्या दिवशी दुसरं कुणी रडलं नाही.

मांडवात सुओंगबाई तिच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. गिऱ्हाइकाच्या घरच्या कार्यात त्या कधी रडत नाहीत, तो त्यांचा नियम आहे.

"अहो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा चिरकला, "ती तिकडची झालर वाकडी झालीय. नीट करा जरा."

खिएमराव गेले. झालर सरळच होती. तरी ते तिकडेच तोंड करून बराच वेळ ती नीट करत राहिले.